मामाजींच्या नावावरचा नकार

१० फेब्रुवारी, सोमवार
पोस्टिंग लागलं. दुसऱ्या वर्षाची आम्ही नर्सिंगची पोरं-पोरी खेड्याखेड्यांवर वाटली गेलो. मला आसेगावकडचं उपकेंद्र. म्हणजे थेट ज्योतीताईचं सासर. रूमवरचे म्हणाले, चंगळ आहे तुझी, घरचं जेवण. मी हसलो नुसता.
परी दहा महिन्यांची झाली. जन्मल्यावर दवाखान्यात दिल्या त्या लसी सोडल्या तर तिला एकही सुई लागलेली नाही. हे वर्गात कुणाला माहीत नाही. मामा लसीकरण शिकतोय अन् भाचीचं हे असं.
घरी, अनसिंगला, आईला फोन केला. म्हणाली, "राह्य तिथी, पन डॉक्टरकी दाखवू नोको. पोरीचं सासर हाय ते. तू बोलून येशील अन् भोगन ती."

११ फेब्रु., मंगळवार
सकाळच्या गाडीनं पोचलो. भाऊजी पुण्याला कंपनीत, सणासुदीला येतात. घरात ताई, तिचे सासरे, पाच वर्षांचा समर अन् परी. सासू ताईच्या लग्नाआधीच गेल्या. सासऱ्यांना ताई मामाजी म्हणते म्हणून मीही. एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज अजून मागच्या सीटपर्यंत जातो.
परी आधी मला पाहून रडली, मग माझा चष्मा धरून ओढला. भरलेली आहे, वरचे दोन दात आले. वाढ चांगली. वाढीचं आपण बोललं तर ताईला आवडतं. लसीचं काढलं की ती चुलीकडं वळते.
उपकेंद्रावर इंगोले सिस्टर. या भागात खूप वर्षं काढलेली बाई, बोलणं थोडं. पहिलं वाक्य: "बरा आला तू. गोवर निंगाला गावात." शाळेमागच्या वस्तीत लेकरांना ताप अन् पुरळ. रक्ताचे नमुने गेलेत. उद्यापासून घरोघरी.


१२ फेब्रु.
दिवसभर फिरलो, गावच्या आशाताईंसोबत. ताप आहे का, पुरळ आहे का, लस झाली का. हरभऱ्याची सोंगणी सुरू, अर्धी घरं कुलपात. एका म्हातारीनं मला विचारलं, "पोरगा माणूस अन् नर्स?" म्हटलं हो आजी. म्हणे, "मंग नर्स्या म्हनू का तुले?" आशाताई हसत सुटल्या.
ताईचं घर आज टाळलं. सिस्टरच्या लक्षात आलं असणार. 

१३ फेब्रु., गुरुवार
आज गेलो. सिस्टर पुढं, मी मागं, अंगात गणवेश. ज्या घरात सकाळी चहा प्यालो त्याच दारात पाहुण्यासारखा उभा.
मामाजी खाटेवरून उठले नाहीत. "माह्या घरातलं लेकरू टोचनार नाही. लिहून घ्या माह्यं नाव."
सिस्टर म्हणाल्या, "काका, गोवर दोन गल्ल्यांवर आला. समरले झटका आलता ते मले माहीत हाय. पन ती लस दुसरी—"
"सिस्टर, गाडी भरली. खाली उतरा."
गल्लीतली माणसं हसली. मी मान खाली घातली. ताई आत होती, परीला कडेवर घेऊन. बाहेर आलीच नाही. म्हाताऱ्याच्या धाकात आहे बिचारी.
समरचं मला अर्धवट माहीत आहे. दीड वर्षाचा असताना डांग्या खोकला-धनुर्वाताचा डोस दिला, रात्री ताप चढला, झटका आला. तापात येतो काही लेकरांना. नंतर एकदाही नाही. पोरगा धडधाकट आहे, अंगणवाडीत कविता म्हणतो. पण त्या एका झटक्यासाठी परीला असं उघडं ठेवायचं?
जेवताना मामाजींनी माझ्या ताटात आग्रहानं दुसरी भाकर टाकली. 

१४ फेब्रु.
समोरच्या घरचा रोशन. दोन वर्षांचा. आईबाप वीटभट्टीवर असतात, गेल्या आठवड्यातच परत आले. आज त्याला पाहिलं. डोळे लाल, नाक वाहतं, तोंडात पांढरे ठिपके, कानामागून पुरळ उतरायला लागलेलं. पुस्तकात रंगीत चित्र आहे, पण चित्रातलं लेकरू असं किरकिरत नाही. त्याची आई सारखी त्याच्या तोंडावरून पदर फिरवत होती. सिस्टरनं अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला, म्हणाल्या पाणी पाजत राह्य, अंगावरचं दूध तोडू नको, श्वास जोरात चालला तर लगेच फोन.
परत येताना आशाताई म्हणाल्या, "परवा हे पोरगं तुह्या ताईच्याच अंगनात खेयत होतं."
मी थांबलो. कोणाबरोबर?
परीबरोबर. एकाच चटईवर.

१५ फेब्रु.
हिशेब करतोय डोक्यात. लागण झाली असेल तर लगेच दिलेली लस थोडीफार आवरते, उशीर झाला तर नाही. वेळ निघून चाललाय. सिस्टरना म्हटलं मी बोलू का मामाजींशी. म्हणाल्या, "तुहं नातं हाय, तुले जमलं तं पाह्य. पन भांडू नको. भांडन झालं की ते दार मले वर्सभर बंद."
आईचा फोन. हे सगळं सांगितलं नाही.

१६ फेब्रु., रविवार
जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.
दुपारी मामाजी ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत होते. शेजारी बसलो. ठरवून आलो होतो की आवाज चढवायचा नाही. पहिल्यांदा चढला नाहीच. गोवरानं काय काय होतं ते सांगितलं. न्युमोनिया, डोळे, जुलाब, वजन कसं उतरतं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "झालं तुहं?"
मग माझा तोल गेला. म्हटलं, "मामाजी, तुमचा हट्ट तुमी सांभाळा. पन लेकरू तुमच्या हट्टाचं नाही. उद्या तिले काही झालं तं तुमी काय तोंड दाखवसान?"
बहिणीच्या सासऱ्याला. त्याच्याच ओट्यावर बसून.
ते घाटे सोलत राहिले. मला वाटलं आता हाकलतील. आतून ताई आली, हाताला पीठ.
"त्यायले कायले बोलतं रे? ते नाही नाही म्हनत. मी नाही म्हनतो."
मामाजी म्हणाले, "ज्योती, तू आत जाय."
"नाही मामाजी. लय झालं." ती खालीच बसली, उंबऱ्यात. "तुले काय माहीत संदेश. तू तं अनसिंगले होता. याचे बाबा पुन्याले. मामाजी शेतात जागलीले. मी एकटी. समर माह्या मांडीवर होता अन् त्याचे डोये वर गेले. ओठ निये पडले. हात असे लाकडावानी. मले वाटलं गेलं माह्यं लेकरू. मी अनवानी रोडवर पयाली. दवाखान्यात पोचलो तोवर तो झोपून होता, जसं काही झालंच नाही. अन् जो तो मलेच इचारे, ताप चढला तवा तू काय करत होती? याच्या बाबानं फोनवर तेच इचारलं. पहिलं तेच."
तिनं हातावरचं पीठ पदराला पुसलं.
मग म्हणाली, "परी झाली तवा मामाजीले सांगतलं, मले पुन्हा ते पाहनं होनार नाही. ते म्हने, ठीक हाय, कोनी इचारलं तं माह्यं नाव सांग, म्हातारा आयकत नाही म्हनून. तवापासून सिस्टर आली की ते दारात बसतात."
मामाजी मला म्हणाले, "लोक मले तसंही खडूस म्हनतात. तिकिटाच्या सुट्ट्यावरून जलमभर भांडलो. अजून एक शिवी, काय फरक पडते."
माफी मागावी वाटलं. तेवढ्यात त्यांनी मूठभर सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

त्याच दिवशी, नंतर
वर्गात शिकवलं, पालकांच्या शंकांचे निरसन करावे. ताईची शंका नाही. ताईला माहीत आहे झटका कसा असतो. माझ्यापेक्षा जास्त. मी अजून एकही पाहिलेला नाही.

१७ फेब्रु., सोमवार
सकाळी सिस्टरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतके दिवस मी त्या म्हाताऱ्याले शिव्या देऊन राह्यली होती." मग म्हणाल्या, "तिले खोटं सांगू नको. काही होत नाही असं म्हनशील अन् ताप आला, तं संपलं."
संध्याकाळी ताई परीला भरवत होती, वरण-भात कालवून. मी विषय काढला नाही. तिनंच काढला.
"या लसीनं ताप येते का?"
"येऊ शकते. लगेच नाही. आठवड्याभरानं, कधी थोडा उशिरा. थोडं पुरळबी येते एखाद्याले."
"अन् झटका?"
नाही म्हणायला जीभ उचललीच होती. "फार कमी लेकरांले. पन भावाले आलता, म्हनून येनारच नाही असं मी म्हनत नाही. गोवर झाला तं ताप याहून मोठा. मंग झटक्याची भीतीबी मोठी."
"अन् आला तं?"
"तं काय करायचं ते करू आपन. तवा तुले कोनी सांगतलंच नव्हतं."
चटई टाकली. समरला म्हटलं, तू पेशंट. त्याला भलताच आनंद. आडवा झाला अन् हातपाय झाडायला लागला, डोळे फिरवून. मी ताईकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा. वाटलं चुकलं माझं, थांबवावं. पण ती स्वतःच पुढं सरकली.
सांगत गेलो. कुशीवर वळव. डोक्याखाली काही मऊ ठेव. गळ्याजवळचं बटण सोड. तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही. कांदा-चप्पल हुंगवायची नाही. घट्ट दाबून धरायचं नाही. घड्याळ पाहायचं. थांबला की दवाखाना, लवकर थांबत नसेल तर न थांबता दवाखाना, गाडी मामाजी सांगून ठेवतील. अन् एकटी राहायचं नाही, हाक मारायची.
ताईनं वळवलं त्याला. पहिल्यांदा उशी विसरली. दुसऱ्यांदा घड्याळ पाहायचं. तिसऱ्यांदा समरनं एक डोळा उघडून विचारलं, "मले खरंच असं झालतं का?"
ताई म्हणाली, "हो. अन् तू बरा झाला."
हे ती पहिल्यांदा म्हणाली असावी. मामाजी दारात उभे होते, तसेच बाहेर निघून गेले.
हो म्हणाली नाही अजून. नाहीही म्हणाली नाही.

१८ फेब्रु., मंगळवार
अंगणवाडीत खास सत्र. मी लसीच्या बाटलीवर उघडल्याची वेळ टाकत होतो तेवढ्यात आशाताईनं कोपर मारलं. दारात ताई. कडेवर परी, मागं मामाजी, डोक्याला रुमाल बांधून, लग्नाला निघाल्यासारखे.
रांगेतल्या बाया मामाजींकडं पाहून कुजबुजल्या. एक म्हणाली, "म्हातारा वाकला वाटते." मामाजींनी ऐकलं. ताईनंही. ताई तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "हो, वाकलो. सरका पुढं."
सिस्टरनी सुई माझ्या हातात द्यायला धरली. नियमात बसतं, त्यांच्यासमोर मी बऱ्याच लेकरांना दिली आहे.
ताई म्हणाली, "नाही. सिस्टर, तुमी द्या."
मला लागलं. दिसलं असेल चेहऱ्यावर. ती माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "तुह्या हातानं झालं अन् लेकराले काही झालं, तं मले माहेर राहनार नाही रे."
मी हात मागं घेतला. खरं लिहायचं तर बरंही वाटलं.
उजव्या दंडात दिली. परी किंचाळली, मग अ जीवनसत्त्वाच्या चमच्याकडं पाहून गप्प. आधीच्या राहिलेल्या लसींचं सिस्टरनी काढलं. ताई म्हणाली, "आज एकच. येवढी पचू द्या." सिस्टरनी ताणलं नाही. थोडा वेळ बसवून घेतलं, मग सोडलं.
जाताना ताईनं परीचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं होतं, पाऊस नसताना पावसातून नेल्यासारखं.

२० फेब्रु.
रोशनचा श्वास लागला. बरगड्या आत ओढत होत्या. पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर दिसलं, पाय मात्र जागचे हलेनात. सिस्टरनी फोन लावला, गाडी आली, वाशिमला पाठवलं. त्याच्या आईसोबत कपड्यांची पिशवीसुद्धा नव्हती. ताई धावत जाऊन आपली एक साडी अन् पोळ्या देऊन आली. परत आल्यावर हात धुतले, कपडे बदलले, तरी परीला घेईना. ओसरीत उभी राहिली.
"मले लागन का? तिले लागन माह्यापासून?"
लहानपणी आपल्या दोघांना गोवर झालेला, आई सांगते, म्हटलं भिऊ नको. तरी बराच वेळ उभीच.
वस्तीत आज नवीन दोन घरं.

२२ फेब्रु., शनिवार
पोस्टिंग संपलं. निघताना मामाजी स्टँडवर आले. म्हणाले, ओट्यावर बोललास ते बरोबर होतं, माणूस चुकीचा होता. मी पाया पडलो. गाडी आली तर कंडक्टरला म्हणाले, "पाहुन्याले सीट दे." कंडक्टरनं ओळखलंसुद्धा नाही त्यांना. मी उभाच आलो मंगरूळपर्यंत.

२४ फेब्रु.
वाशिम. आता बालविभागात ड्यूटी. रोशन इथंच आहे, खिडकीकडच्या खाटेवर. ऑक्सिजन काढला काल. पुरळ काळपट होऊन सोलायला लागलंय. आज वजन मीच केलं. काट्यावर बसवलं तर हलकंच लागलं हाताला. आधीचं वजन माहीत नाही, भट्टीवर कोण करणार. दंडाची पट्टी लावली, पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषण. आई म्हणाली, "खाते आता थोडं थोडं." मग विचारलं, "तुमची भाची बरी हाय ना? आमच्यापासून तं नाही न काही—"
म्हटलं बरी आहे. म्हटलं आता रोशनकडं लक्ष द्या.
ताईला रोज दोनदा फोन. परी खेळते. खाते. ताप नाही. प्रत्येक वेळी फोन उचलायला उशीर झाला की—

२५ फेब्रु.
ताप नाही.
भाऊजींचा फोन आला मला, पुण्याहून. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणे, "ज्योतीनं मले इचारलं नाही, डायरेक्ट देली लस. काही झालं तं?" मी म्हटलं, झालं तर ती सांभाळेल, तिला येतं.  मग मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही तिला फोन कराल तेव्हा पहिलं हे विचारू नका. फोन तिकडून ठेवला की लाईन गेली, कळलं नाही.
आईला कळलं तर मारेल मला. जावयाला असं बोलतात का.

२६ फेब्रु., बुधवार
सकाळी ताई: "नाक वाहून राह्यलं जरासं." तिथं गारठा आहे म्हणे सकाळचा.
दुपारी: "किरकिर करते. दूध पेते."
डोळे लाल आहेत का? "झोपून उठली म्हनून असन."
फोटो पाठव म्हटलं. आला. परी हललेली, चेहरा पुसट. मागं समर दात काढून उभा.
वाहणारं नाक लसीनंही होतं, साध्या सर्दीनंही होतं, अन् त्यानंही. वॉर्डच्या डॉक्टर मॅडमना विचारलं. म्हणाल्या, दोन दिवस पाहावं लागेल, इतक्यात कुणी सांगू शकत नाही. इंगोले सिस्टरना फोन केला, उद्या सकाळी सगळ्यांत आधी तिथंच जाते म्हणाल्या.
भाऊजी निघालेत पुण्याहून. ताईनं बोलावलं नाही. आपणहून.

२७ फेब्रु., गुरुवार
वॉर्डमध्ये असताना फोन थरथरला. बाहेर जिन्यात येऊन उचलला.
"आला," ताई म्हणाली.
"काय?"
"ताप. तू म्हटलं होतं न येईन म्हनून. सिस्टर अथीच हाय, तिनं मोजला. औषध वजनावर मोजून देलं. कपडे कमी केले. चटई टाकून हाय. मामाजीनं गाडीवाल्याले सांगून ठेवलं."
आवाज सपाट. 
"पुरळ?"
"सिस्टर म्हनते अजून काही दिसत नाही. कानामागं पाह्यलं आमी दोघींनं, उजेडात नेऊन."
"मी येऊ का? सुट्टी मागतो."
"काहून? तू येऊन ताप उतरन का? तिथी कोनाच्या लेकराले लागत असन तुहं काम." मग, "संदेश, आता पुढं काय येईन ते सांग."
म्हणायला बरंच होतं. लसीचाच असेल. उतरेल. बहुतेक वेळा उतरतो. सगळं खरंच होतं, अन् ती त्यासाठी विचारत नव्हती.
म्हटलं, "मले माहीत नाही ताई. पाहावं लागन."
"मंग पाहतो मी," ती म्हणाली. "ठेव फोन. हात मोकये पायजेत मले."